बाई, दूध गेलं की ओ!

गेल्या अंकात मी समुद्राच्या आम्लीकरणावर अर्धं पान लिहिलं होतं. हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो, पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, म्हणजे ते आम्लाकडं सरकतं, आणि शिंपल्यांना, प्रवाळांना कवच बांधणं जड जातं, एवढंच त्यात होतं. जागा तेवढीच होती. त्यावर निपाणी, चिकोडी, खानापूर, कणकुंबी आणि बेळगावातून पत्रं आली. घाटाच्या वर राहणारी आपण माणसं. आपल्या दारातून समुद्र दिसत नाही, तरी तुम्ही त्याच्याविषयी इतक्या आस्थेनं विचारता याचा मला फार आनंद झाला. हे पानही मी त्यालाच देते आहे. निपाणीच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न मलाही एकदा चुकवून गेला होता.

प्रश्न : बाई, नमस्कार. तुम्ही लिहिता की कार्बन डायऑक्साइड वाढला की शिंपल्यांना चुनखडी कमी पडते. पण शाळेत आम्ही चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली तर चुनखडी तयार होऊन पाणी दुधासारखं झालं होतं. मग वायू वाढला की चुनखडी वाढायला पाहिजे की नको? शाळेतलं खरं की तुमचं? माझा तंबाखूचा व्यवहार, चुन्याची डबी सतत खिशात असते. म्हणून विचारलं. (निपाणी)

दोन्ही खरं आहे. तुमच्या डबीपासूनच सुरुवात करू.

डबीचं झाकण रात्रभर उघडं राहिलं की सकाळी चुन्यावर पापुद्रा धरलेला असतो. नखानं उचलला तर खरखरीत लागतो आणि जिभेवर भाजत नाही. तो चुना राहिलेला नसतो, त्याची चुनखडी झालेली असते. चुन्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड धरला आणि तो पुन्हा दगड झाला. दिवाळीआधी भिंतीला मारलेली सफेदी पहिल्या दिवशी हाताला लागते आणि पुढं घट्ट बसते, तेही याच कारणानं. निवळी उघडी ठेवली तर तिच्यावर सायीसारखा पातळ पडदा येतो, तीही चुनखडीच. तुमची फुंकर हेच काम झटपट करते.

आता माझा अनुभव सांगते. १९८६ सालचा पावसाळा. मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. प्रयोगशाळा म्हणजे वर्गाच्या मागची एक खोली आणि एक कपाट. संगमरवराचे तुकडे संपले होते, म्हणून शाळेच्या आवारात पडलेली शहाबादी फरशी फोडून तिचे तुकडे चंचुपात्रात घातले. वरून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं आणि निघालेला वायू रबरी नळीनं निवळीत नेला. निवळी वर्गाच्या दोन्ही तुकड्यांना पुरावी म्हणून मी तिच्यात तिप्पट पाणी घातलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचंच महत्त्व आहे.

निवळी दुधाळ झाली. मुलींनी वहीत निरीक्षण लिहिलं, मी पुढच्या बाकाकडं वळले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं मात्र नळी काढली नाही. तिला तो बुडबुडा बघायचा नाद लागला होता. पाचेक मिनिटांनी ती ओरडली, "बाई, दूध गेलं की ओ!"

मी जाऊन पाहिलं. परीक्षानळी काचेसारखी स्वच्छ होती. पलीकडची खिडकी, खिडकीतला फणस, सगळं आरपार दिसत होतं. तळाशी गाळसुद्धा नव्हता. मी म्हटलं, "बिघडला तुझा. ओत तो, दुसरी नळी घे." तिनं ओतलं.

बिघडला नव्हता. बिघडलं होतं माझं शिकवणं. पुस्तकातला प्रयोग दुधापर्यंत होता, म्हणून मीही दुधापर्यंतच थांबले. त्या मुलीनं प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग करून दाखवला होता आणि मी तो तिला मोरीत ओतायला लावला. समुद्राची सगळी गोष्ट त्याच दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

काय झालं होतं ते सांगते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला की थोडं कार्बनिक आम्ल तयार होतं. निवळी चुन्याची, म्हणजे तिच्यात आम्ल खाऊन टाकणारा हायड्रॉक्साइड भरपूर. तो येणाऱ्या आम्लाला लगेच खातो आणि मागं कार्बोनेट उरतं. चुन्यातलं कॅल्शियम शेजारीच असतं, त्याला हे कार्बोनेट मिळालं की चुनखडी होते. चुनखडी पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी दुधाळ दिसतं. इथवर तुमची शाळा.

पण हायड्रॉक्साइड काही अखंड नाही. तो संपतो. मी निवळी पातळ केली होती, म्हणून तो लवकर संपला. वायू मात्र येतच राहतो. आता त्या वायूला पाण्यात धरायला एकच जण शिल्लक असतो, तो म्हणजे आधी तयार झालेलं कार्बोनेट. एक कार्बन डायऑक्साइड, थोडं पाणी आणि एक कार्बोनेट असे एकत्र येतात आणि त्यांची दोन बायकार्बोनेटं होतात. कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळतं, म्हणून दूध जातं. वायू जितका जास्त येईल तितकं कार्बोनेट जास्त खर्च होतं.

आता समुद्राकडं या. समुद्राच्या पाण्यात मोकळा हायड्रॉक्साइड नावालाच असतो. समुद्र हा पहिल्यापासूनच त्या परीक्षानळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात उभा आहे. त्यात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनाचे शंभर भाग केले तर साधारण नव्वद भाग बायकार्बोनेट, नऊ-दहा भाग कार्बोनेट आणि उरलेला जेमतेम एखादा भाग नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. शिंपल्याला, प्रवाळाला कवच बांधायला कॅल्शियम हवं आणि कार्बोनेट हवं. कॅल्शियमची ददात नाही, लिटरभर समुद्रपाण्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं. तुटवडा होतो तो कार्बोनेटचा, कारण नवा येणारा वायू पहिला हात त्याच नऊ-दहा भागांवर टाकतो.

आणि वायू किती वाढला? कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो. त्या बदल्यात समुद्राच्या वरच्या थरातलं कार्बोनेट कारखानदारीपूर्व काळापेक्षा साधारण सहाव्या भागानं घटलं आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : निवळीत वायू वाढला की आधी चुनखडी वाढते, कारण तिथं चुना शिल्लक असतो. समुद्रात तो शिल्लक नाही, म्हणून तिथं वायू वाढला की कार्बोनेट घटतं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगते, नाहीतर घाबरगुंडी उडेल. मोबाइलवर व्हिनेगरमध्ये टाकलेलं अंडं फिरतं, टरफल फसफसून विरघळतं आणि खाली लिहिलेलं असतं की समुद्रात हेच चाललंय. तसं नाही. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या वरच्या थरात कार्बोनेट अजून पुरेसं आहे, बांधलेलं कवच तिथं आपोआप विरघळत नाही. फक्त कार्बोनेट जितकं कमी, तितकी जिवाला कवच बांधताना जास्त ताकद खर्ची घालावी लागते. ध्रुवांकडच्या थंड पाण्यात मात्र परिस्थिती काठावर आली आहे. थंड पाणी वायू जास्त धरतं, त्यामुळं तिथं कार्बोनेट आधीपासूनच कमी. तिथं टेरोपॉड नावाच्या इवल्या, पंखासारख्या पायांनी पोहणाऱ्या गोगलगायी राहतात. त्यांचं कवच अ‍ॅरागोनाइटचं असतं. चुनखडीची ही घडण कॅल्साइट या दुसऱ्या घडणीपेक्षा लवकर विरघळणारी. प्रवाळही अ‍ॅरागोनाइटच वापरतात.

'समुद्राचं आम्लीकरण' हा शब्दप्रयोग केन कॅल्डीरा आणि मायकल विकेट या शास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या लेखानं रूढ झाला. मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. वाचता वाचता ते 'एक कार्बोनेट जाऊन दोन बायकार्बोनेट' असं समीकरण आलं आणि मी पुस्तक मिटून बसले. डोळ्यांसमोर ती स्वच्छ परीक्षानळी आणि पलीकडचा फणस. त्या वर्षापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक वर्गाला सांगितलं, की दूध आलं तरी नळी काढायची नाही.

प्रश्न : आमच्या मातीपरीक्षणाच्या कागदावर सामू ८.१ आला तर कृषी खात्याचे साहेब म्हणतात जमीन चोपणाकडं (अल्कधर्माकडं) झुकली, जिप्सम टाका. समुद्राचा सामूही ८.१ असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे तो अल्कधर्मीच आहे. त्याला आम्ल कसं म्हणायचं? आणि ८.२ चं ८.१ झालं, तेवढ्याला काय एवढं? (चिकोडी, ऊस उत्पादक)

तुम्ही कागद नीट वाचता, म्हणून हा प्रश्न पडला. समुद्र आम्ल झालेला नाही, नजीकच्या काळात होणारही नाही. आम्लीकरण म्हणजे आम्लाच्या दिशेनं सरकणं. ताप १०३ वरून १०१ वर आला की आपण 'उतरला' म्हणतो, 'थंड पडला' म्हणत नाही. तसंच हे.

०.१ किरकोळ वाटतो तो सामूच्या मापामुळं. सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे माप बसवलं. बिअर बनवताना आम्लता मोजावी लागे आणि तिचे आकडे इतके बारीक, की लिहिताना शून्यांची रांग लागायची. त्यांनी घातांकच आकडा म्हणून घेतला. त्यामुळं सामू एकानं उतरला की हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लता आणणारे कण, दहापट होतात. ०.३ नं उतरला की दुप्पट. ०.१ नं उतरला की सव्वापट, नेमकं सांगायचं तर २६ टक्के जास्त. शंभर क्विंटल बियाणं मागवलं आणि सव्वाशे क्विंटल येऊन पडलं तर त्याला कुणी किरकोळ म्हणणार नाही. कोळसा-तेल आजच्यासारखंच जळत राहिलं तर या शतकाअखेर समुद्राचा वरचा थर ७.८ च्या आसपास येईल असा अंदाज आहे. कारखानदारीपूर्वीच्या ८.२ शी तुलना केली तर हायड्रोजन आयन अडीचपट.

तुमची जमीन एका वर्षात ७.८ ची ८.१ होत नाही आणि झाली तर पिकाला कळतं. समुद्रातल्या जिवांच्या रक्ताचा, रसांचाही सामू ठरलेला असतो. बाहेरचं पाणी सरकलं की आतला सामू जागेवर ठेवायला त्यांना काम पडतं. आणि हा बदल इतक्या वेगानं होतोय की पिढ्यान् पिढ्यांत अंगवळणी पडायला त्यांना वेळच मिळत नाही.

प्रश्न : बाई, आमच्याकडं गोव्याहून आणि कारवारहून मासे येतात. घरी तिसऱ्या आणि कालवं सगळ्यांना आवडतात. ही कवचं पातळ होत जाणार का? आणि असलं पाणी पिऊन वाढलेल्या तिसऱ्या खाल्ल्या तर काही अपाय? (खानापूर, गृहिणी)

खाण्याला काहीही अपाय नाही. निर्धास्त खा. समुद्राचं पाणी ८.१ चं असो की ७.८ चं, लिंबू पिळलेल्या तुमच्या आमटीपुढं ते काहीच नाही. तिसऱ्या शिळ्या नाहीत ना, शिजवताना तोंड उघडतात ना, एवढं बघा.

तिसऱ्यांना, कालवांना स्वतःला मात्र त्रास आहे, आणि तो त्यांच्या अगदी बाळपणात आहे. कालव अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दोन दिवसांतच त्याला पहिलं कवच घालायचं असतं. तोवर त्याला खाता येत नाही, अंड्यातली शिदोरी तेवढी असते. त्याच शिदोरीवर कवचही उभं करायचं. पाण्यात कार्बोनेट कमी असलं की कवचालाच शिदोरी संपते आणि पिल्लू उपाशी मरतं. मोठं झालेलं कालव हा काळ ओलांडून आलेलं असतं, म्हणून तुमच्या ताटातलं कालव बघून काही कळणार नाही.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत, २००७ च्या सुमाराला कालवांच्या पैदास केंद्रांत पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी रोगजंतूंवर संशय गेला. शेवटी ध्यानात आलं, की वाऱ्यानं किनाऱ्यालगत खोल समुद्राचं पाणी वर येतं त्या दिवसांत पिल्लं मरतात. खोल पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त, कारण वरून पडणारं मेलेलं शेवाळ नि जीव तिथं कुजतात. त्यात आता माणसाच्या वायूची भर पडली होती. मग त्यांनी पाण्यावर चोवीस तास लक्ष ठेवायला सुरुवात केली आणि टाक्यांत सोडियम कार्बोनेट घालायला लागले. आपला धुण्याचा सोडा! त्यानं कार्बोनेट भरून निघतं आणि पिल्लं तगतात. टाकीत हे जमतं, उघड्या समुद्रात नाही.

हे मी एवढं लांबवलं त्याला कारण आहे. खोल पाणी वर येण्याचा हा प्रकार आपल्या अरबी समुद्रातही होतो, आणि तो होतो नेमका नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बेळगावच्या मासळी बाजारात सुकट नि सोडे तेवढे दिसतात. त्याच दिवसांत कारवार-गोव्याच्या किनाऱ्यालगत खालून प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी वर सरकत असतं. ते पोषणही घेऊन येतं, म्हणून पावसानंतर मासळी भरभरून मिळते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांना सामूचे चढउतार नवे नाहीत. पण ज्याला आधीच दरवर्षी एक कठीण महिना काढावा लागतो, त्याचा तो महिना आणखी कठीण होतो आहे. पणजीजवळ दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ अरबी समुद्राच्या या पाण्याचा अभ्यास करतात. मुलांना घेऊन गोव्याला जाल तेव्हा दोना पावलाचा नुसता पॉइंट बघून परतू नका, पलीकडं काय काम चालतं ते मुलांना सांगा.

प्रश्न : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हेन्रीच्या नियमात आम्ही शिकलो की पाणी तापलं की त्यातला वायू बाहेर पडतो. समुद्र तर तापतो आहे. मग तो कार्बन डायऑक्साइड सोडेल, घेईल कसा? (बेळगाव)

गोटी सोड्याची बाटली आठव. उन्हात ठेवलेली बाटली फोडली की सोडा अर्धा उडून जातो, हे तुझं बरोबर. पण बाटलीत वायू भरतात कसा? दाब देऊन. समुद्रावर ह्या दोन्ही गोष्टी एकदम चालू आहेत. तापल्यामुळं त्याची धरण्याची ताकद थोडी घटते. हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० च्या वर गेल्यामुळं त्या वायूचा वरचा दाब दीडपट झाला. दीडपट दाबाचं पारडं जड आहे, म्हणून एकूण जमाखर्चात समुद्र अजून घेतोच आहे. सगळीकडं सारखं नाही मात्र. थंड समुद्र भरपूर घेतात. आपला अरबी समुद्र, खालचं पाणी वर येत असल्यामुळं, वर्षाच्या हिशेबात हवेला कार्बन डायऑक्साइड देतो.

आणखी एक गोष्ट शोधून वाच. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांचा १९५७ चा लेख ग्रंथालयातून मिळव. तोवर बहुतेकांना वाटायचं, समुद्र एवढा मोठा, सगळा वायू आरामात पिऊन टाकेल. रेव्हेल यांनी दाखवलं, की बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या या साखळीमुळं समुद्र अडून बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा टक्क्यांनी वाढला तर समुद्राच्या वरच्या थरातला एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम एका टक्क्यानं वाढतो. कार्बोनेट जसं संपतं तशी ही अडवणूक आणखी वाढते. परीक्षेला येवो न येवो, हे गणित तू स्वतः मांडून पाहा.

प्रश्न : चुना टाकून विहिरीचं पाणी निवळतात, शेततळ्यातही टाकतात. तसा समुद्रात टाकला तर? आणि आमच्या डोंगरावरून त्या समुद्राला काय फरक पडतो? (कणकुंबी)

कणकुंबीहून हा प्रश्न आला, याचं मला विशेष वाटलं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला. तुमच्याच तालुक्यातल्या देगावाकडून म्हादई निघते, ती मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. तुमच्या शिवारात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो.

आणि तो रिकाम्या हातानं जात नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, मातीतून जाताना मुळांच्या श्वासाचा आणखी मिळतो. हे किंचित आंबूस पाणी दगडाला लागलं की दगड झिजतो आणि पाण्यात बायकार्बोनेट नि कॅल्शियम उतरतं. दख्खनचा काळा दगड या कामात विशेष हुशार आहे, तो पाऊस भरपूर असला की बराच कार्बन डायऑक्साइड धरून नदीत सोडतो. पुढं बागलकोट-लोकापूरकडं चुनखडीच आहे, शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाची. समुद्राचा सामू लाखो वर्षं सांभाळला तो अशा नद्यांनी. आता माणसानं भर टाकलेला वायूही या नद्याच शेवटी निस्तरतील. पण त्याला हजारो वर्षं लागतात आणि आपण तो दोनशे-अडीचशे वर्षांत ओतला.

म्हणून तुमच्यासारखंच काही शास्त्रज्ञांनाही सुचलं, की चुना टाकून हे काम घाईनं करावं. रसायनशास्त्राप्रमाणं ते होतं. हिशेब पाहा. १०० किलो चुनखडी भट्टीत भाजली की ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीच्या कोळशाचा वेगळा. तो ५६ किलो चुना समुद्रात कागदावर ८८ किलो वायू धरू शकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे भट्टीचा वायू तिथंच पकडून पुरून टाकला तरच हाती काही लागतं. समुद्र दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड घेतो, तेवढ्याला पुरा पडायला चुना सात-आठ अब्ज टन लागेल. अख्ख्या जगात वर्षाला तयार होणारं सिमेंट साधारण चार अब्ज टन आहे. त्यावरून कल्पना करा किती खाणी, किती भट्ट्या, किती जहाजं लागतील. आणि एका जागी चुना जास्त पडला तर तिथं निवळीचा पहिला अर्धा भाग सुरू होतो. पाणी दुधाळ होतं, समुद्रातलंच कार्बोनेट चुनखडी होऊन तळाला बसतं आणि केलेलं काम उलटतं. छोट्या प्रमाणावर प्रयोग चालू आहेत, चालू राहावेत. पण त्याच्या भरवशावर कोळसा जाळत राहणं मला मान्य नाही. धूर कमी करणं हे चुना टाकण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं आहे.

तुम्ही पत्रात तुमच्या मुलांच्या शाळेत करण्याजोगा प्रयोग विचारलात, तो देते. पानवाल्याकडचा सुपारीएवढा चुना तांब्याभर पाण्यात रात्री कालवून ठेवा. सकाळी वरची निवळी हळूच ओतून घ्या, ढवळू नका, डोळ्याला हात लावू नका. एक वाटी निवळीत तीन वाट्या साधं पाणी घाला. मग काचेच्या पेल्यात ती घेऊन त्यात गोटी सोडा, साधा, गोड नव्हे, चमच्या-चमच्यानं घाला. दूध येईल. घालत राहा. दूध जाईल. आता ते स्वच्छ पाणी चहाच्या भांड्यात घालून पाच मिनिटं उकळवा. बोअरच्या पाण्यानं भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तसाच काहीसा दिसायला लागेल, कारण उकळताना वायू उडाला की बायकार्बोनेटचं पुन्हा कार्बोनेट होतं. कुणाच्या पेल्यात दूध गेलं नाही तर त्याला बिघडला म्हणू नका, सोडा किती चमचे झाला आणि निवळीत पाणी किती होतं ते विचारा. मला चमच्यांचे आकडे पाठवा, पुढच्या अंकात छापते.